पहिल्या हाकेचा चौथरा

तळकोंड वाडीच्या वरच्या अंगाला जांभ्या दगडाचा, काळा पडलेला एक चौथरा आहे. त्यावर कुणी घर बांधत नाही. पाहुणे तिथे टेकले की वाडीतले म्हातारे शिरपतनाना त्यांना उठवत नाहीत. फक्त प्रत्येकाचे नाव विचारून घेतात आणि मग सांगू लागतात.

वाडीतली घरे गवताने शाकारलेली होती तेव्हाची ही गोष्ट, असे सांगतात. धाकू भुवड बंदराच्या शहरात आगीच्या बंबावर उभी हयात घालवून म्हातारपणी गावी परतला. नोकरी संपली, काम सुटले नाही. शिमगा जवळ आला की तो दारोदार फिरून हंडे भरून ठेवायला लावी, पेटते गवत ओढायच्या लांब आकड्या तपासत राही. आग लागायच्या आधी धाकूदादाच आपल्याला भिजवून मारणार, असे म्हणून लोक हसत. तो मात्र एकच गोष्ट बजावी. आगीत मी नावाने हाक मारीन. जो ओ देईल तो बाहेर. जो देणार नाही, त्याला आणायला मी आत जाईन.

पण वाडीची रीत त्याच्याहून जुनी होती. तिन्हीसांजेची हाक माणसाचीच असेल असे नाही. भुताला तिसरी हाक मारता येत नाही म्हणतात, म्हणून तिसऱ्या हाकेआधी कुणी ओ देत नसे.

त्या फाल्गुनात ऐन तिन्हीसांजेला वरची आळी पेटली. एकटी राहणारी आवडी शेळी सोडवून मागच्या दाराने निसटली आणि बांबूच्या बेटामागे उभी राहिली. पुढच्या अंगाला धाकू एकेकाचे नाव घेत होता, भेदरलेली माणसे रीत विसरून ओ देत होती. मग तिचे नाव आले.

"आवडेऽ!"

धुराने धाकूचा घसा बसलेला. आवाज ओळखीचा वाटेना. आवडीने शेळीचे तोंड दाबून धरले. दुसरी हाक आली, जवळून. ओ अगदी ओठांवर आली होती, म्हणे. पण आईने लहानपणी घातलेली भीती मोठी ठरली. आता तिसरी येईल, मग देऊ.

तिसरी हाक आली ती तिच्या पेटत्या घरातून.

"ओऽ! धाकूदादा, मी बाहेर आहे!" ती ओरडत धावली. तोवर छपराचे आढे धाकूवर कोसळले होते.

दुसऱ्या दिवसापासून तिन्हीसांजेला तिच्या जळक्या घराच्या उरलेल्या चौथऱ्यावरून त्याच बसलेल्या आवाजात तिचे नाव ऐकू येऊ लागले. ती पहिल्याच हाकेला ओ देई, मग सगळे निवे. मरेपर्यंत तिने एक सांज चुकवली नाही. ती गेल्यावर हाक थांबेल असे वाटले होते. पण मग इतरांची नावे येऊ लागली.

आजही तळकोंडात दिवेलागणीला हाक आली की माणूस हातातले टाकून पहिल्याच हाकेला ओ देतो, वर 'बाहेर आहे' असे म्हणतो. घरात चुलीपुढे बसलेली बाईसुद्धा तेच म्हणते.

ऊन उतरू लागले की नाना काठी टेकत उठतात.

"तुमची नावं मी उगाच विचारली नाहीत, आता ती धाकूदादालाही ठाऊक झालीत," ते पाहुण्यांना सांगतात. "हाक आली तर थांबू नका. त्याला पुन्हा आत जायला लावू नका."