गोंदाने काय बदललं

जांभळी गावात गोंदा नावाचा एक भोळा गडी राहायचा. त्याची वहिनी लग्नाआधी शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून ती सांगेल ते गोंदा तंतोतंत करायचा.

एकदा गाय दूध कमी देऊ लागली. वहिनी म्हणाली, "भाऊजी, प्रयोग करून बघा. एक गोष्ट आपण बदलायची आणि तिच्यामुळे दुसरी बदलते का ते पाहायचं. इथे चारा आणि दूध."

गोंदाने दुधात तांब्याभर पाणी ओतलं आणि गव्हाणीसमोर फतकल मारून बसला. संध्याकाळी हिरमुसून घरात आला.

"वहिनी, दूध वाढवलं. पण चारा काही वाढेना."

वहिनीने कपाळाला हात लावला. "अहो, उलटं केलंत! दूध चाऱ्यावर अवलंबून असतं. आपल्या हातात असेल ते बदलायचं. हातात नसेल ते नुसतं बघायचं."

"असं होय!" गोंदा म्हणाला.

मग आईला ताप आला. डॉक्टर म्हणाले, "गोळी द्या आणि ताप उतरतो का बघा." वहिनीने गोंदाच्या हातात थर्मामीटर दिलं. गोळी फळीवर होती. गोंदाने हातातलं थर्मामीटर माठात बुडवलं आणि फळीवरच्या गोळीकडे नुसता बघत बसला.

"वहिनी, ताप पार उतरला!"

"मेल्या, माझा उतरव की!" आई गोधडीतून ओरडली.

गोंदा घाबरला. गोळी, काढा, लेप, सगळं घेऊन धावला. वहिनीने त्याला अडवलं. "थांबा! एका वेळी एकच बदल करायचा. बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं. नाहीतर गुण कशाने आला हे कळणार कसं?"

आईला गोळीने बरं वाटलं. त्या दिवशी पिठलं गोंदाकडे होतं. अळणी लागलं, म्हणून त्याने मीठ घातलं. तेवढ्यात पिठलं करपू लागलं. धूर कौलांतून बाहेर निघाला तरी गोंदा शांत बसलेला.

"अहो, जाळ कमी करा!"

"कसा करू? मीठ आत्ताच बदललंय. एका वेळी एकच!"

वहिनी खोकत म्हणाली, "काय बदलायचं ते डोकं चालवून ठरवावं, भाऊजी. बिघाड ज्याच्यामुळे होतो, नेमकं तेच बदलावं."

गोंदाने खरंच डोकं चालवलं. लग्नासाठी मुलगी बघायला गेला की त्याला जिथे तिथे नकार येत होता. आता स्थळ होतं शेवंताचं. बाजारात ती त्याच्याकडे बघून हसली होती, तेव्हापासून त्याला घास गोड लागत नव्हता. आईला अजून अशक्तपणा होता, म्हणून गोंदा दोस्त रंगनाथला घेऊन मुलगी बघायला गेला.

परत आला तो नाचतच.

"आई, वहिनी, होकार आला!"

आईने त्याच्या तोंडात साखर घातली. वहिनीने डोळे पुसले. "काय केलंत हो या वेळी?"

"प्रयोग! दर वेळी मुलगी वेगळी, गाव वेगळं. नकार मात्र तोच, आणि मुलगाही तोच. म्हटलं, बिघाड इथेच आहे. पेढे तेच नेले, सदरा तोच, बोलणंही तेच. फक्त मुलगा बदलला. माझा सदरा घालून रंगनाथला पाटावर बसवला."

आईने साखरेचा डबा बंद केला.

"साखरपुडा रविवारी आहे," गोंदा म्हणाला. "मलापण बोलावलंय!"