ठिपकीचा दगड

डोंगराखाली एक ओढा. ओढ्यात एक चपटा दगड. दगडाखाली राहायची ठिपकी. ठिपकी म्हणजे एवढीशी खेकडी. बोराएवढी!

उन्हाळा आला की ओढ्यावर माणसं यायची. कचरा वेचायची. मासे मोजायची. दगड उचलून खाली कोण राहतं, तेही मोजायची. गुणी माणसं हो! पण एकदा काय झालं?

ठिपकी गेली होती शेवाळ खायला. इकडे त्या माणसांतल्या जुईताईने तिचा दगड उचलला. खाली कोणीच नाही! ताईने दगड काठावर ठेवला आणि गेली विसरून.

ठिपकी परत आली. बघते तर काय, घरच नाही! वरून ऊन. पाठ तापली, चट् चट्! ठिपकीला रडूच आलं.

"दगडा दगडा, घरी चल ना!"

"मला कुठे पाय आहेत, बाळा? ताई उचलेल, तर येईन."

ठिपकी निघाली. तिरकी तिरकी, तुरुतुरु.

जुईताई पाण्यात जाळं धरून उभी.

"ताई ताई, दगड येईना. उचल ना त्याला!"

"जाळं सोडलं तर मासे पळतील गं. काका मासे मोजतील, तर उचलीन."

ठिपकी निघाली. तिरकी तिरकी, तुरुतुरु.

दामूकाका वही घेऊन वाकलेले.

"काका काका, ताई उचलेना, दगड येईना. मासे मोजा ना!"

"दिसतायत कुठे? पाणी निवळेल, तर मोजीन."

ठिपकी निघाली. तिरकी तिरकी, तुरुतुरु.

"पाण्या पाण्या, काका मोजेनात, ताई उचलेना, दगड येईना. निवळ ना!"

"माझ्यात म्हैस बसलीय ना! ती उठेल, तर निवळेन."

ठिपकी निघाली. तिरकी तिरकी, तुरुतुरु.

"म्हशीमावशी, पाणी निवळेना, काका मोजेनात, ताई उचलेना, दगड येईना. ऊठ ना!"

"किती गार वाटतंय! माझं रेडकू हाक मारेल, तरच उठेन."

ठिपकी निघाली. तिरकी तिरकी, तुरुतुरु. आता पाय दुखले हो!

झाडाखाली रेडकू लोळत होतं.

"रेडकू रेडकू, म्हैस उठेना, पाणी निवळेना, काका मोजेनात, ताई उचलेना, दगड येईना. हाक मार ना!"

"माझा कान खाजतोय! कुणी खाजवेल, तर मारीन."

"एवढंच ना? मला नांग्या आहेत की!"

ठिपकी चढली कानावर. खर्र खर्र! खर्र खर्र!

रेडकू खूश! "ऑंयऽऽ!"

मग काय! रेडकाने हाक मारली, म्हैस उठली, पाणी निवळलं, झुळझुळ झुळझुळ. काकांनी मासे मोजले, "एक, दोन, तीन... अकरा!" ताईने जाळं सोडलं. मासे पळाले सुळ्‌कन!

ताई आली दगडाजवळ. तिथे परत येऊन बसलेली ठिपकी, डोळे वर करून.

"अगंबाई! हे तुझं घर होतं? चुकलंच माझं, पिल्ला."

ताईने दगड उचलला. होता तिथेच ठेवला. होता तस्साच ठेवला. ठिपकी शिरली आत. आहाहा, गार गार!

आता ओढ्यावरची माणसं दगड लगेच उचलत नाहीत. आधी वाजवतात, टक् टक्!

"घरात कोण आहे?"

दोन नांग्या बाहेर येतात.

"मी, ठिपकी! मोजा हं. आणि जाताना दार लावा!"