यल्लू टाकीवाली आणि सतरा घरच्या खोडी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती वर्षांपूर्वीची ते कुणी छातीठोक सांगत नाही, पण तांबखड्यात तेव्हा पिठाची गिरणी आली नव्हती एवढं नक्की. घरोघरी जातं होतं. आणि वर्षातून एकदा, सुगी आटोपली की, डोंगराच्या वाटेनं एक गाढव खाली उतरायचं. गाढवामागून यल्लू यायची. कमरेला टाक्यांची पिशवी, हातात हातोडी आणि तोंडात प्रश्न.

"टाकी लावायची का जात्याला, टाकी!"

दळून दळून जात्याचे दगड गुळगुळीत होतात. गुळगुळीत जातं फिरतं मोठं छान, पण दाणा धरत नाही. धान्य आत जातं तसं भरड होऊन बाहेर पडतं. मग त्या दगडांना टाकीनं, म्हणजे छिन्नीनं, पुन्हा बारीक बारीक खाचा पाडाव्या लागतात. ते यल्लूचं काम. असं म्हणतात, की ती नुसता तळहात दगडावर ठेवायची आणि सांगायची, यंदा या घरात बाजरी जास्त झाली, दळणारी डावखुरी आहे, आणि माहेरी धाडलं नाही म्हणून रुसलेली आहे. एका घरी तर तिनं सासूच्या देखत सांगून टाकलं, की इथं कुणीतरी गुपचूप साखर दळली आहे. त्या घरात पुढे चार दिवस अबोला होता.

यल्लूला चौकशीची भारी हौस. तुमच्या दिरानं मिशी का काढली, त्या लिंबाला दोरा कुणी बांधला, म्हातारीनं कान टोचून घेतले ते या वयात कशासाठी, असलं काहीबाही विचारत तिची हातोडी चालायची. पुरुष तिला लांबून बघून वाट बदलायचे. बायका वरवर कुरकुरायच्या, पण तिचं गाढव दिसलं की हातातलं काम टाकून जात्याभोवती जमायच्या.

तांबखडं हे शिपायांचं गाव. जर्मनची लढाई लागली तेव्हा जवळजवळ घरटी एक जण गेला. बोटीत बसून गेले, पार इराकात बसऱ्याला उतरले, आणि त्यातले सतरा जण तिकडेच राहिले. सतरा घरांत सरकारचे सतरा कागद आले. कागदांमागून मानाच्या म्हणून काशाच्या सतरा चकत्या आल्या, तळहाताहून थोड्या मोठ्या. सगळ्यांवर एकच बाई, एकच सिंह. फरक काय तो नावाचा. गावानं मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर तांबड्या रंगात सतरा नावं लिहिली आणि खाली फुलं वाहिली.

यल्लूचाही एक मुलगा होता. दुर्गाप्पा. खडी फोडायचा. लढाईवर रस्ते बांधायला माणसं हवी होती, म्हणून त्यालाही नेलं. हातात बंदूक नाही, फक्त घण. परत आलेल्या एकानं तिला बाजारात गाठून सांगितलं, की नदीकाठी तापानं गेला, तिथंच वाळूत पुरला. कागद आला नाही. चकती आली नाही. आणि कागद यायचा तरी कुठल्या पत्त्यावर? यल्लूचं बिऱ्हाड आज या गावच्या माळावर, उद्या त्या. ज्याला गाव नाही त्याचं नाव कोण कुठल्या भिंतीवर लिहिणार? आपण डोळे मिटले की दुर्गाप्पा नावाचा कुणी होता हे सांगणारं पृथ्वीवर उरणार नाही, हा घोर तिला लागला. तिनं तो कुणापाशी बोलून दाखवला नाही.

त्या वर्षी ती तांबखड्यात उतरली ती एकच कुतूहल घेऊन. ज्यांना भिंत आहे, चकती आहे, ती माणसं आपला पोरगा राखतात कशी, हे तिला बघायचं होतं.

पहिल्या घरी जात्याशी बसली आणि विचारलं, "तुमचा कसा होता?"

"देवमाणूस होता गं. गुणाचा. कधी उलटून बोलला न्हाई."

दुसऱ्या घरी विचारलं. देवमाणूस होता. गुणाचा होता. उलटून बोलला नाही. तिसऱ्या घरीही तेच, आणि चौथ्या घरी त्या माउलीनं तोंड उघडण्याआधी यल्लूनंच तिचं वाक्य पुरं केलं. मग तिनं टाकी खाली ठेवली.

"अगं बायांनो, सतरा घरं आणि पोरगा एकच? मी यांना वळखत व्हते की! तुमचा हा, माज्या गाढवाच्या शेपटीला डबा बांधायचा. त्यो गुणाचा?"

ती आई आधी चपापली. मग तोंडाला पदर लावून तिला हसू आवरेना. हसता हसता ती रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, की डबा काहीच नाही, त्यानं एकदा मामाच्या धोतराला रेडकू बांधलं होतं.

"आता कसं!" यल्लू म्हणाली, आणि तिनं पुन्हा हातोडी उचलली. "मला गुण नगं. खोड सांगा. गोड बोलून बोलून पोरं गुळगुळीत केलीत तुमी. हाताला लागंनात की गं."

मागल्या तीन घरीही ती परत गेली, आणि तेव्हापासून दारात पाऊल टाकतानाच खोड मागायची. एक जण गूळ चोरून खायचा आणि आळ मुंग्यांवर घालायचा. एक जण बैलांशी छावणीतलं इंग्रजी बोलायचा आणि बैलांना ते कळतं असं शपथेवर सांगायचा. एक गडी लढाईवर गेला खरा, पण पाल दिसली की माळ्यावर चढून बसायचा. आणि एक जण घोरायचा. असा घोरायचा, की शेजाऱ्यानं आपली म्हैस दुसऱ्या गोठ्यात हलवली होती. हे सगळं सांगताना घरं हसायची, रडायची, एकमेकांचं बोलणं तोडायची. "आसं न्हवतं ते, आसं व्हतं," म्हणत भांडायची. आणि यल्लूची टाकी टकटक चालत राहायची.

असं म्हणतात, की त्या वर्षी ज्या घरात खोड सांगितली गेली त्या घरच्या जात्यातून असं पीठ पडलं, की फुंकर मारली तर उडावं. आणि घोरणाऱ्याच्या घरचं जातं वर्षभर घोरत होतं म्हणे. त्या शेजाऱ्यानं ते ऐकलं आणि म्हैस पुन्हा हलवली.

यल्लू एका घरची खोड दुसऱ्या घरी जशीच्या तशी सांगायची. अक्षर ओळखीचं नव्हतं, पण सोळा घरच्या खोडी तिला मुखोद्गत झाल्या आणि एकाची खोड तिनं कधी दुसऱ्याच्या नावावर घातली नाही. मग सतरावं घर आलं. ते बाळकोजी हवालदाराचं.

हवालदार जुन्या पलटणीतला, पेन्शनीत निघालेला. त्याचा आनंदा बसऱ्याला पडला होता. हवालदार रोज चावडीवर आनंदाची शौर्यकथा सांगायचा. पहिल्या वर्षी आनंदानं तीन शत्रू लोळवले होते. दुसऱ्या वर्षी सात झाले. यल्लू दारात आली त्या दिवशी ते विसावर गेले होते, आणि एक तोफही आली होती. त्याची बायको सोनाक्का हे सगळं मान खाली घालून ऐकायची. घरात तिनं कधी आनंदाचं नाव काढलेलं कुणाला ठाऊक नव्हतं.

यल्लूनं जात्याचा वरचा दगड उतरवला आणि टाकी ठेवून घाव घातला. ठिणगी उडाली, पण खाच पडली नाही. दुसरा घाव घातला, तिसरा घातला. टाकी बोथट झाली, दगड होता तसाच राहिला. असं तिच्या उभ्या जन्मात झालं नव्हतं. तिनं हवालदाराकडं बघितलं.

"बाबा, आनंदाची खोड काय व्हती?"

हवालदार ताडकन उठला. "मेलेल्या शिपायाची निंदा करायला आलीस व्हय, यल्ले? माज्या पोरात खोड न्हवती. ऊठ, नीघ!"

"निंदा न्हाई, बाबा. तुमची गोष्ट झ्याक फिरती. पर दाणा धरत न्हाई." एवढं बोलून ती टाक्या गोळा करायला लागली.

तेवढ्यात चुलीपाशी बसलेली सोनाक्का बोलली. चार वर्षांत नवऱ्यापुढं ती एवढं बोलली नव्हती.

"थांब यल्लू. व्हती खोड. आनंदा घरातनं एका दमात कधी निघायचाच न्हाई. तीनदा माघारी यायचा. एकदा काठी इसरली म्हनून, एकदा तंबाखू इसरली म्हनून. आन् तिसऱ्यांदा उगंच. 'काय रं?' म्हनलं की नुसता हसायचा. लढाईवर निघाला तवा दोनदाच आला. मी तिसऱ्यांदा दारात उभी ऱ्हायले ती..." तिनं चुलीतलं लाकूड उगंच पुढं सारलं. "हे चावडीवर वीस मारल्याचं सांगत्यात. मी डोळं मिटते तर कुणी दुसराच गडी दिसतो गं. माजा आनंदा दिसंना झालाय."

हवालदारानं डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर घेतलं आणि बराच वेळ तो त्याच्या कडेचा दोरा ओढत बसला.

"मीच म्हनालो त्याला," तो म्हणाला. "दोनदा आला तवा खेकसलो. शिपायानं मागं बघायचं नसतं, चल नीघ, म्हनालो. म्हनून न्हाई आला त्यो तिसऱ्यांदा." आणि ज्यानं पंचवीस वर्षं पलटणीत काढली तो हवालदार लहान मुलासारखा हमसून रडला.

यल्लूनं टाकी दगडावर टेकवली आणि हलकाच घाव घातला. पहिल्याच घावाला खाच पडली. आणि असं म्हणतात, की त्याच वेळी दाराची कडी वाजली. वारा म्हणावा तर अंगणातल्या तुळशीचं पानसुद्धा हललं नव्हतं. दारात कुणी दिसलं नाही, पण ओसरीभर तंबाखूचा वास दरवळला. सोनाक्का उठून उंबऱ्यापर्यंत गेली, आणि "काय रं?" एवढंच म्हणाली.

मग ती परतली आणि यल्लूच्या समोर येऊन बसली.

"सतरा घरं इचारत फिरलीस," ती म्हणाली. "तुला कुणी इचारलं का गं? तुजा कोन गेला?"

जिनं साऱ्या मुलखाला प्रश्न विचारले तिला आजवर कुणी एकही विचारला नव्हता. यल्लूच्या हातातली हातोडी निसटली.

"दुर्गाप्पा. माजा ल्योक. खडी फोडायचा. त्याच्या गालात सदा एक खडा असायचा. खडा असला की तहान लागत न्हाई म्हनायचा. भाकर खाताना काढून बाजूला ठेवायचा, जेवला की परत गालात. दात पडतील मुडद्या, म्हनून मी लई शिव्या दिल्या." तिनं डोळे पुसले. "तिकडं प्यायला पानी न्हवतं म्हनं, सोनाक्का. तवा त्याच्या गालात खडा व्हता का, एवढंच मला कळत न्हाई. कुनाला इचारू?"

हवालदार उठला, आणि तसाच उघड्या डोक्यानं देवळाकडे गेला. भिंतीवर सतरा नावं लिहिणारा रंगारी गावातच होता. त्याला बोलावून हवालदारानं अठरावं नाव सांगितलं.

"गाव कुठलं घालू?" रंगाऱ्यानं विचारलं.

"तांबखडं," हवालदार म्हणाला.

त्यानंतर यल्लू पुष्कळ वर्षं येत राहिली. दरवर्षी ती सतरा घरच्या खोडी पुन्हा विचारायची. पाठ असलेल्या गोष्टी परत कशाला विचारतेस, असं कुणी म्हटलं, तर ती म्हणायची, "दगडाला एकदाच टाकी लावून भागतं का?" आणि असं म्हणतात, की एका वर्षी सुगी आटोपल्यावर डोंगराच्या वाटेनं नुसतंच गाढव उतरलं. पाठीवर टाक्यांची पिशवी होती, मागं कुणी नव्हतं. ते कुणी न हाकता सतरा दारांपुढं थांबलं, आणि शेवटी सोनाक्काच्या दारात जाऊन बसलं.

तांबखड्यात आता गिरणी आहे, घरोघरी मिक्सर आहेत. पण हवालदाराच्या जात्याचा खालचा दगड मारुतीच्या पारावर बसवला आहे. सुगीनंतर एका दिवशी, सगळ्यांच्या सोयीनं, गाव पारावर जमतं. त्या दगडाला टाकी लावली जाते आणि एकेका घरातलं माणूस उठून आपल्या माणसाची खोड सांगतं. पुढच्या लढायांत गेलेल्यांचीही सांगतात, अगदी डोंगरावर बर्फात राहिलेल्या पोराचीही. कुणी 'देवमाणूस होता' असं सुरू केलं की सगळं गाव ओरडतं, "खोड सांगा, खोड!" पण सगळ्यात आधी दुर्गाप्पाची सांगतात. त्याच्या घरचं कुणी नाही, म्हणून ती सारं गाव मिळून सांगतं.

दगडाशेजारी नदीतल्या खड्यांचा एक ढीग असतो. फौजेत जाणारा पोरगा घरातून निघतो, काहीतरी विसरल्याचं सोंग करून माघारी येतो, पुन्हा निघतो, पुन्हा येतो. तिसऱ्यांदा येतो तो पारावर. एक खडा उचलून गालात ठेवतो. त्याची आई म्हणते, "काय रं?" आणि तो नुसता हसतो, कारण गालात खडा असताना बोलता येत नाही. सुटीवर आला की आधी तो खडा ढिगात परत ठेवायचा आणि मग घरी जायचं, अशी रीत आहे. आणि निघणारा पोरगा तिसऱ्यांदा माघारी येऊन जाईपर्यंत गाडी हलवायची नाही, हे एसटीच्या नव्या ड्रायव्हरलासुद्धा सांगावं लागत नाही.