आडसाली

"पण नवं आणायचं कुठनं, बाबा?"

दिगंबरनं तिसऱ्यांदा विचारलं.

काशिबा घायपाताचा दोर वळत बसले होते. तळहातावर तळहात फिरला. दोर वीतभर वाढला. 

"तीन महिने वही कोरी आहे. दुसऱ्या सिनेमाची माणसं रोज फोन करतात. मी म्हणतो, चाललंय. काही चाललेलं नाही."

"जुनं कुठनं आणलंवतंस?"

"सुचलं."

"सुचलं..."

काशिबांनी पुन्हा दोर हातात घेतला.

चाळीस वर्षं ते तमाशाच्या फडात सोंगाड्या होते. नुसते पडद्याआडून खाकरले तरी जत्रा हसायची, असं जुनी माणसं सांगत. गुडघे गेल्यावर विट्याजवळच्या आपल्या गावी येऊन राहिले. दिगंबर बावीस वर्षांचा असताना विनोद शिकायला म्हणून त्यांच्याकडं आला होता. पहिले दोन महिने काशिबांनी त्याला तोंडच उघडू दिलं नाही. पारावर बसायचं आणि माणसं बोलतात ते ऐकायचं, एवढाच धडा. सहाव्या महिन्यात तो वैतागून निघाला. "मला ऐकायला नाही, ऐकवायला जायचंय," असं तोंडावर सांगून गेला.

त्याला आता चौदा वर्षं झाली होती; आज तो पुन्हा त्यांच्या अंगणात येऊन बसला होता.

त्या वर्षांत दिगंबर कुठं कुठं उभा राहिला नव्हता? गणपतीच्या मांडवात, आरती संपून माणसं चपला शोधत असताना. ऑर्केस्ट्रात, गाणारी बाई पाणी प्यायला आत जाईल तेवढ्या वेळात. लग्नाच्या रिसेप्शनला, पंगतीकडं तोंड आणि त्याच्याकडं पाठ केलेल्या पाहुण्यांपुढं. पुण्यात एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर अकरा माणसांसमोर. त्यातले चौघे खाली टेबल रिकामं व्हायची वाट बघत होते.

टीव्हीवाल्यांनी त्याला आठ वेळा परत पाठवलं. नवव्यांदा घेतलं, ते दुसऱ्यांच्या विनोदाला मागं उभं राहून मान डोलवायला. दीड वर्ष त्यानं मान डोलवली.

मग एका दिवशी शूटिंगला एक नटी आली नाही. दिगंबरनं पदर डोक्यावर घेतला आणि आपल्या आईसारखा बोलला.

तिथनं दिवस पालटले. दोन वर्षं घराघरांत त्याची 'आई' चालली. मग त्या आईवर सिनेमा निघाला. थेटरं भरली. आता पेट्रोल भरायला थांबला तरी माणसं गाडीभोवती जमायची आणि म्हणायची, "आईचं काहीतरी बोला की."

"सुचलं नव्हतं," दिगंबर अखेर म्हणाला. "आईचं होतं ते."

काशिबा दोर वळत राहिले.

"आई इचलकरंजीत सुताच्या कांड्या भरायची. तीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात. कान गेले. मी एकदा म्हटलं, ऑडिशनला चाललोय. तिनं सगळ्या गल्लीत सांगितलं, पोरगं आडसालीला गेलंय, दीड वर्ष काय येत न्हाई."

काशिबांच्या मिशीची कड हलली. आडसाली ऊस तोडणीला यायला दीड वर्ष लागतं, हे त्या मुलखात शेंबड्या पोराला ठाऊक.

"मी स्टँडअप करतो म्हटलं, तर लोकांना सांगायची, स्टँडवर असतोय. लोकांना वाटायचं, हमाली करतो. ते मी एकदा मांडवात सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा माणसं पोट धरून हसली, बाबा. मग मी तिचं सगळंच सांगत गेलो."

"मग जा की तिच्याकडं. माय हाय न्हवं तुझी?"

"आहे."

"मग?"

"बोलत नाही ती आता."

"रुसली?"

"नाही. बोलते तशी. कधी आलास. जेवलास का. गाडी सावलीत लाव. विचारलं तेवढ्याचं नेमकं उत्तर देते..."

 अंगणात कोंबडी माती उकरत होती, तिकडं तो बघत राहिला.

"तिला ऐकू येतं आता," तो म्हणाला. "कानाचं मशीन घेतलं तिनं."

"तू दिलंस?"

"सहा वर्षं मागं लागलो होतो. घालायची नाही. म्हणायची, मला आता काय ऐकायचं राह्यलंय? पण सिनेमा लागला तेव्हा गल्लीतल्या बायका तिला घेऊन गेल्या. दुपारचा खेळ. थेटर खच्चून भरलेलं. प्रत्येक वाक्याला हशा. हिला काही ऐकू येईना. शेजारच्या पार्वती मावशीला विचारायची, काय म्हणाला गं? मावशी हसत हसत तिच्या कानात सांगायची... तिचंच बोलणं. शेवटपर्यंत. मावशीनंच मला नंतर सांगितलं हे."

काशिबांचे हात थांबले.

"पुढच्या आठवड्यात आई एकटीच एसटीनं सांगलीला गेली. डॉक्टर शोधला. मशीन घालून आली."

"तुला काय म्हणाली?"

"चांगलं काम केलंस म्हणाली."

 दोराचा पीळ काशिबांच्या हातातून सुटत गेला, आपला आपण उलगडत गेला. त्यांनी तो सावरला नाही.

"तिला हसवून ये," ते म्हणाले.

"कुणाला? आईला?"

"हं."

दिगंबर कसनुसा हसला. "माझ्या विनोदाला ती कधी हसली नाही. तिला ऐकूच यायचं नाही, बाबा."

"आता येतंय न्हवं?"

 तो उठला.

इचलकरंजीला पोचला तेव्हा आई उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. तिचं नाव रत्नाबाई. कानामागं मातकट रंगाचं मशीन, केसांआड झाकलेलं.

"कधी निघालास?" तिनं विचारलं.

"सकाळी."

"जेवलास?"

"नाही."

तिनं ताट वाढलं. भाकरी, मेथीची भाजी, ठेचा. पूर्वी ताट वाढताना ती अखंड बोलायची. गॅस संपल्यापासून ते गल्लीत कुणाची सोयरीक मोडली इथपर्यंत, सगळं एका दमात, सगळं मोठ्या आवाजात. आता भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू येत होता.

जेवण झाल्यावर दिगंबर समोर उभा राहिला आणि म्हणाला, "आई, तुला एक ऐकवतो."

त्यानं आपला सगळ्यात गाजलेला तुकडा घेतला. बँकेतला. नंतर कंडक्टरचा. हजार हजार माणसं ज्यावर टाळ्या पिटायची ते सगळं त्यानं त्या दहा बाय बाराच्या खोलीत केलं. रत्नाबाई मांडीवर हात ठेवून ऐकत होती. डॉक्टर औषध कसं घ्यायचं ते सांगताना माणूस ऐकतो, तशी. एक शब्दही चुकू नये म्हणून.

"छान हाय," ती म्हणाली.

दिगंबर खाली बसला. लोक हसले नाहीत तर काय करायचं, हे चौदा वर्षांत तो शिकला होता. इथं त्यातलं काहीच कामाचं नव्हतं.

"तुझं काम अडलंय म्हणं," रत्नाबाई म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"मुंबईच्या सिनेमावाल्या माणसाचा फोन आलावता. म्हणाला, आई, तुमच्याशी जरा बोलायचंय, तुम्ही नुसतं बोलत राहा, आम्ही लिहून घेतो. मी म्हटलं, मला काय येतंय बोलाय?"

दिगंबरला हे ठाऊक नव्हतं. त्याचे कान तापले.

तिनं पदर सारखा केला. मग हात वर नेऊन कानाचं मशीन अलगद काढलं आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

"ह्याच्यापायी अडलं आसंल तर हे न्हाई घालत मी," ती म्हणाली. आवाज तिच्या नकळत पुन्हा मोठा झाला होता, पूर्वीसारखा. "तू बोल काय बोलायचं ते. जसं ऐकू यील तसं मी बोलती."

तिचा चेहरा अगदी शांत होता. राग नाही, टोमणा नाही. लहानपणी त्याला पाटी लागायची तर पदराच्या गाठीचे पैसे काढून द्यायची, तसंच तिनं ते काढून दिलं होतं.

दिगंबरला काही दिसेनासं झालं. 

मग त्यानं ते मशीन उचललं. रुमालानं पुसलं. तिच्या कानाला लावायला गेला, पण ते कसं लावतात हे त्याला येईना. सहा वर्षं घे घे म्हणून मागं लागला होता, आणि एकदाही हातात धरून बघितलं नव्हतं.

"कान जरा वर वड," ती म्हणाली. "आता फिरव... हां."

तो तिच्या अगदी जवळ बसला होता. "येतंय ऐकू?" त्यानं विचारलं, आणि त्याच्या ध्यानात आलं, आईशी आपण इतक्या हळू आवाजात उभ्या जन्मात बोललो नाही.

"येतंय."

मग तो बोलला. विनोद नाही. फोनवर ओरडून सांगण्यासारखं नसतं, ते सगळं. आठ वेळा परत पाठवलं तेव्हा कुठल्या फुटपाथवर बसला होता ते. रिसेप्शनमध्ये नवऱ्या मुलाच्या बापानं हात धरून खाली उतरवलं ते. 'मी बरा आहे' म्हणून फोनवर ओरडायचा तेव्हा बरा नसायचा, ते. चौदा वर्षांचं साचलेलं.

रत्नाबाई ऐकत होती.

"मला म्हाईत हुतं," ती म्हणाली.

"कसं? तुला तर ऐकू यायचं नाही."

"दिसायचं की."

ती उठली. खुंटीवरची पिशवी काढून खांद्याला लावली. दाराबाहेर गेली आणि आत आली. आत आली ती मुंबईहून हात हलवत परत आलेला दिगंबर होऊन. खांदा तोच, चपला काढायची तऱ्हा तीच, भिंतीवरच्या आरशाकडं न बघता पुढं सरकणं तेच. पिशवी ठेवून 'सगळं झ्याक चाललंय' अशी मान हलवणंही तेच. मग ती त्याच्या आवाजात काहीतरी बोलली.

दिगंबर हसला. आधी नाकातून, मग पोटातून, मग भिंतीला टेकून. हसता हसता त्याला रडू फुटलं आणि रडता रडता पुन्हा हसू. तिनं दुसरं सोंग घेतलं, तिसरं घेतलं. पार्वती मावशी काय झालं म्हणून दारात डोकावली आणि परत गेली.

दिवेलागणीपर्यंत मायलेकरं बोलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काशिबांच्या अंगणात येऊन बसला.

काशिबांनी त्याच्याकडं पाहिलं. त्याचे डोळे सुजलेले होते.

"हसली?"

"मी हसलो."

"तिनं हसवलं?"

"हं. माझीच नक्कल केली. बाबा, तुमच्या फडात असती तर तुम्हाला खाली बसवलं असतं तिनं."

"आसं?" काशिबा पुढं सरकले. चाळीस वर्षांचा सोंगाड्या त्यांच्या डोळ्यांत जागा झाला. "काय म्हणाली? सांग बरं."

दिगंबरनं तोंड उघडलं. पहिलं वाक्य ओठांवर आलंच होतं. आवाज, हात, मान, सगळं तयार झालं होतं. कुठल्याही थेटरात छप्पर उडालं असतं, असं ते वाक्य होतं.

तो थांबला.

कोंबडी अंगणातनं गेली. लांब कुठंतरी ट्रॅक्टर चालू झाला.

"नाही बाबा," तो म्हणाला. "ते नाही सांगता येणार."

काशिबांनी मान हलवली. हात टेकून, गुडघ्यांना शिव्या देत ते उठले. अंगणाच्या फाटकापर्यंत गेले आणि त्यांनी ते उघडून धरलं.

"ऐकायला आलं तुला. मग जा आता, तुझं ऐकव," ते म्हणाले. "लोक खोळंबल्यात."