लाल ब्रेकरवरचा हात

मला सांगायला लावू नका म्हटलं होतं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, माझ्याकडनं काय लिहून घेता? तर म्हणे, नव्या टेक्निशियन पोरांना वाचायला द्यायचंय आणि त्या दिवशी पॅनेल रूममध्ये तुम्हीच होता. होतो. म्हणून सांगतो. एकदाच सांगतो.

"डिग्री नाही म्हणूनच सही करत नाही ना, उस्ताद?"

संतराम घुगरे विचारत होता. गडहिंग्लजचा. बारावी पास, वर सहा महिन्यांचा कोर्स. आमच्या डेटा सेंटरमध्ये त्याचं वर्ष भरत आलं होतं. सर्व्हरच्या हॉलमध्ये एकट्यानं काम करायचा परवाना हवा, तर त्यावर लतीफ उस्तादची सही लागायची. ती त्या दिवशी झाली नसती तर कंत्राट संपलं, उद्याची गाडी गावची.

उस्ताद स्वतः दहावी नापास. मिरजेचा. पण हॉलमध्ये कुणाला एकटं सोडायचं, ते तोच ठरवायचा.

तो माझ्या टेबलाशी चहा फुंकत बसला होता.

"बोला की. त्या डिग्रीवाल्यांपेक्षा काय कमी येतं मला?"

"आजचा कागद दाखव."

घुगरेनं कागद पुढं केला. जरा आपटलाच.

आता कागद कसला ते सांगतो. हॉलमधल्या प्रत्येक मशीनला, म्हणजे सर्व्हरला, दोन केबली. एक लाल बाजूच्या विजेच्या प्लगपट्टीत खोचलेली, एक निळ्या बाजूच्या. एक बाजू गेली तरी मशीन दुसऱ्या बाजूवर जगतं. अकरा वाजता लाल बाजू दुरुस्तीसाठी बंद करायची होती. त्याआधी घुगरेनं बारा रॅक तपासले होते, म्हणजे मशिनांची बारा कपाटं. बाराही चौकटींत टिक. खाली त्याची सही, त्याखाली प्रसन्न कुलथे इंजिनिअरची.

"कसं तपासलंस?"

"मागनं बघितलं. प्रत्येक मशीनला एक लाल केबल, एक निळी. एकही चुकलेली नाही."

"बघितलंस."

"हो. बघितलं."

उस्ताद उठला. घुगरेचं मनगट धरून त्याला पॅनेलपाशी नेलं. त्याचा हात लाल बाजूच्या मोठ्या ब्रेकरवर ठेवला. वर स्वतःचा ठेवला.

"पाड."

"मी? ते तर नानांचं काम."

नाना म्हणजे मी. ब्रेकर खाली पाडला की त्या बाजूची वीज बंद. तो मीच पाडायचो, वीस वर्षं.

"आज तुझं. कागद तुझा आहे."

अकराला दहा कमी होते. दारात कुलथे साहेब उभा, मागं दुरुस्तीवाले हत्यारांची पेटी घेऊन.

"चला, पाडा पाडा," कुलथे म्हणाला. "मीही स्क्रीनवर बघितलंय. सगळं हिरवं आहे."

घुगरेचा हात हलेना.

"आत कुणाकुणाची मशिनं आहेत?" उस्तादनं विचारलं.

"दोन बँका... एक हॉस्पिटल."

"हॉस्पिटलचं काय?"

"आयसीयूचं सगळं."

"बरं. पाड."

पॅनेलचा घूं आवाज तेवढा. घुगरेच्या कपाळावरनं घाम हनुवटीपर्यंत आला, त्यानं पुसला नाही. उस्तादचा हात त्याच्या हातावर तसाच. दाबत होता की धरून होता, मला शेजारी उभा राहून कळलं नाही.

"एक मिनिट," घुगरे म्हणाला. "मी जाऊन येतो."

"कुठं?"

"हॉलमध्ये. हातानं बघतो. या टोकापासनं त्या टोकापर्यंत."

उस्तादनं हात काढला.

"डोकं फिरलं का तुझं?" कुलथे ओरडला. "बारा रॅक हातानं? सही केलीयस तू! माणसं खोळंबलीत इथं." पण पोरगा गेला होता. मग कुलथे माझ्याकडं वळला. "काका, तुम्ही पाडा."

मी पॅनेलला पाठ लावून उभा राहिलो. "कागद ज्याचा, तो म्हटल्याशिवाय नाही."

"अडाणी म्हातारा," कुलथे म्हणाला. दुरुस्तीवाल्यांसमोर. "चार अक्षरं वाचता येत नाहीत, आणि मला शिकवतो."

उस्ताद खाली बसून गार झालेला चहा प्यायला.

काचेतनं घुगरे दिसत होता. एक एक केबल मुठीत धरायचा, मूठ सरकवत रॅकच्या आत खांद्यापर्यंत शिरायचा, बाहेर यायचा, दुसरी धरायचा. पाऊण तास. कुलथेनं तेवढ्यात सात वेळा घड्याळ बघितलं.

घुगरे आला तो पांढराफटक.

"नऊ नंबर. हॉस्पिटलचं मशीन. निळी केबल आहे... पण तिचं दुसरं टोक लाल पट्टीतच खुपसलेलं. दोन्ही केबली लालवरच होत्या."

"कुणी लावली?"

घुगरेनं हातांची धूळ पँटला पुसली.

"कुणी?"

"मीच. मार्चमध्ये. केबल आखूड पडत होती, निळ्या पट्टीपर्यंत पोचत नव्हती. तात्पुरती म्हणून लावली... आणि राहिली."

"आता?"

"लांब केबल घातली. निळ्या पट्टीत. परत हातानं बघितली."

"पाड."

या वेळी त्यानं पाडला. धाडकन आवाज झाला, निम्मी घरघर थांबली. हॉलमधलं एकही मशीन बंद पडलं नाही.

कुलथे फोन कानाला लावून बाहेर गेला. फोन वाजलेला मी तरी ऐकला नाही.

घुगरेनं खिशातनं परवान्याचा कागद काढला आणि फाडायलाच घेतला. उस्तादनं तो हिसकावला, माझ्या टेबलावर सपाट केला, सही केली.

"नको उस्ताद. चूक माझीच होती."

"तुझीच होती."

"मग आत्ता करताय, ती सकाळी का नाही केलीत?"

उस्ताद पेनाला टोपण लावत होता.

"सकाळी तुला सगळं येत होतं."

झालं. पुढचं मला विचारू नका, जेवढं कानावर पडलं तेवढं सांगितलं. आणि हे वाचायला देणार असाल तर एक प्रत प्रसन्न कुलथेलाही द्या. तो माझी माफी मागायचा अजून राहिलाय.