माठराने विचारलेला प्रश्न

फार पूर्वी कंपिल्ल नगरात राजा सुवाहन राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्मले होते. वयात आल्यावर त्यांनी नगराबाहेर, नदीच्या वळणावर, वैद्यकाची शाळा उघडली. लोक त्यांना आचार्य भद्रसेन म्हणत.

त्या शाळेची शिकवण्याची रीत जगावेगळी होती. सकाळी शिष्य झाडाखाली गोल करून बसत आणि मधोमध रोगी बसे. त्याला आराम पडेल असे काहीतरी आचार्यांनी आधीच दिलेले असे, त्यामुळे घाई नसे. कोणी विचारल्याशिवाय रोग्याने आपणहून काही सांगायचे नाही, आणि विचारले तर खोटे सांगायचे नाही. शिष्यांनी पाळीपाळीने एकेक प्रश्न विचारायचा. मात्र त्याआधी शेजाऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे. शेजारी “हो, मला हेच म्हणायचे होते” असे म्हणाला, तरच पुढे जायचे. आचार्य कडेला बसून ऐकत. कधी कधी ऊन डोक्यावर येई, तरी रोगाचे नाव कोणाच्या तोंडून निघालेले नसे. मग ते स्वतः एखादा प्रश्न टाकत आणि उठून जात. नवा शिष्य या प्रकाराने अगदी मेटाकुटीला येई.

माठर हा सर्वांत ज्येष्ठ शिष्य. ग्रंथ त्याला मुखोद्गत होते आणि या रीतीचा त्याला मनापासून कंटाळा होता. रोगी खाली टेकतो न टेकतो तोच तो रोगाचे नाव सांगून मोकळा होई. पुष्कळदा ते बरोबरही निघे, आणि घोटाळा होता तो तिथेच. माठर बोलला की बाकीचे त्याची री ओढत. काहीजण तर रोग्याकडे बघायचे सोडून माठराच्या तोंडाकडेच बघत बसत. आचार्यांनी एकदा त्याला बाजूला घेऊन सांगितले की, तुझ्या उत्तराने एक रोगी बरा होतो, पण इतके वैद्य अधू होतात. माठराला ते लागले. आचार्यांना आपला हेवा वाटतो, असे त्याने मनाशी ठरवून टाकले. हुशार माणसाला असे वाटायला फार वेळ लागत नाही.

माघ महिन्यात राजा शाळा पाहायला आला. शाळेचे धान्य राजाच्या कोठारातूनच येत असे. तो बराच वेळ झाडाखाली बसला आणि शेवटी वैतागून म्हणाला, “इथे सगळे विचारतातच. सांगतो कोण?” मग त्याने आपला बेत मांडला. शिष्यांनी एका सुरात ग्रंथ म्हणावा, माठराने तो म्हणवून घ्यावा. तसे केल्यास दोन गावांचे उत्पन्न शाळेला लावून देऊ, आणि देशोदेशीचे शिष्य इथे येतील. माठराची छाती फुगली.

आचार्य शांतपणे म्हणाले, “महाराज, ग्रंथातला रोगी कधी मरत नाही. आमच्यापुढे येऊन बसतो तो मरतो. म्हणून त्याला विचारावे लागते.”

राजाला हा नकार झोंबला. त्याने शाळेचे धान्य बंद केले. शाळा मोडली नाही, शिष्य गावात भिक्षेला जाऊ लागले, पण भांडे काही पूर्वीसारखे भरेना. पानातला घास थोडा कमी झाला, एवढेच शिष्यांना जाणवले. त्या शाळेत आधी शिष्य जेवत. आचार्य सर्वांच्या मागून, आपल्या पर्णकुटीत एकटे जेवत. ही पद्धत जुनीच होती, तिच्याकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते.

चैत्रात आचार्य अंथरुणाला खिळले. अंगात बारीक ताप होता, जिभेवर थर होता, अन्नावरची वासना उडाली होती. आता, वैद्याने स्वतःची नाडी पाहू नये आणि स्वतःच्या देहाबद्दल मत देऊ नये, असा त्या काळच्या वैद्यांचा दंडक होता. स्वतःच्या मनगटावर बोटे ठेवली की आशा तरी आड येते नाहीतर भीती तरी, असे ते मानत. तेव्हा आचार्य आता केवळ रोगी होते. शिष्य करतील ते उपचार त्यांनी घ्यायचे होते.

माठराने दारातूनच पाहिले आणि सांगितले, “आमज्वर आहे. लंघन.” म्हणजे अपचनाचा ताप, आणि त्यावर अन्न बंद, काढा तेवढा सुरू. ग्रंथात तसेच होते. सगळ्यांनी माना डोलावल्या.

राजाचा राग गेला नव्हता, तरी असा वैद्य त्याला गमवायचा नव्हता. तेवढ्यात त्याचा निरोप आला की, जो आचार्यांना बरे करील त्याला राजवैद्य नेमू. माठराचे आचार्यांवर प्रेम नव्हते असे नाही. रात्रंदिवस तोच त्यांच्या उशाशी होता. पण त्या प्रेमात आता राजवाड्याची पायरी मिसळली होती, आणि दोन्ही वेगळी करणे त्याचे त्यालाही जमले नसते. आचार्यांच्या पायांना सूज होती, ती वाढली. माठराने लंघन आणखी कडक केले, नुसते कोमट पाणी ठेवले. एकदोघांच्या मनात पाल चुकचुकली, पण माठराला कोण विचारणार?

एका सकाळी आचार्य हाका मारूनही लवकर जागे झाले नाहीत. माठराने नाडी पाहिली, ती सुतासारखी लागत होती. तो बाहेर येऊन पायरीवर बसला. आठवत होता तो सगळा ग्रंथ त्याने मनातल्या मनात पहिल्या श्लोकापासून शेवटच्या श्लोकापर्यंत म्हणून पाहिला. त्यात पुढे काही सापडेना. आचार्य मरणार आणि आपण त्यांना मरताना बघत बसणार, हे त्याला स्वच्छ दिसले.

श्रोणक नावाचा एक शिष्य जवळ येऊन उभा राहिला. तो संथ बोलणारा माणूस होता. त्याचे वाक्य संपेपर्यंत माठर सहसा थांबत नसे.

“मला कळत नाही,” माठर म्हणाला. हे शब्द त्याने जन्मात उच्चारले नव्हते.

श्रोणक म्हणाला, “मग त्यांना मधोमध बसवू या.”

शिष्यांनी आचार्यांची बाज उचलून झाडाखाली ठेवली आणि सभोवती गोल केला. ज्येष्ठ म्हणून माठर नेहमी पहिला बसे, त्या दिवशी तो शेवटी जाऊन बसला. पहिल्याने विचारले, पायांना सूज केव्हा आली? आचार्य हळू आवाजात म्हणाले, फाल्गुनात. दुसऱ्याने त्याचे म्हणणे सांगून विचारले, त्याआधी काय होत होते? उभे राहिले की अंधारी यायची, हात कापायचे. आणि ताप? तो पुष्कळ नंतर आला. हे ऐकून गोलात चुळबुळ झाली. ताप हे रोगाचे मूळ नव्हते, शेपूट होते, आणि आजवरचे सगळे उपचार त्या शेपटालाच चालले होते. अंधारी पहिल्यांदा केव्हा आली, असे पुढच्याने विचारले. माघ संपता संपता, असे उत्तर आले.

माठराच्या आधी श्रोणक होता. त्याने आपल्या चालीने सगळे नीट सांगितले आणि प्रश्न आचार्यांना न विचारता गोलाला विचारला. माघात या शाळेत काय बदलले? कोणीतरी म्हणाले, राजाचे धान्य बंद झाले.

आता माठराची पाळी होती. तो घाईने म्हणाला, “श्रोणकाचे म्हणणे असे की, धान्य बंद झाल्याच्या काळजीने आचार्यांचा वात कोपला.”

“नाही,” श्रोणक म्हणाला. “मी काळजी म्हटले नाही, वातही म्हटला नाही. ते तुझे आहे.”

त्या शाळेत माठराला आजवर कोणी नाही म्हटले नव्हते. त्याचे कान तापले. पण रीत ती रीत. त्याने पुन्हा सुरुवात केली, या वेळी एकेक शब्द जपून. “श्रोणकाचे म्हणणे असे की, माघात धान्य बंद झाले. भांड्यात अन्न कमी पडू लागले. आणि त्यानंतरच आचार्यांना...”

श्रोणक अगदी हलके म्हणाला, “हो, मला हेच म्हणायचे होते.”

माठर बाजेजवळ सरकला. “आचार्य, माघापासून आपण रोज काय जेवलात?”

“भांड्यात उरेल ते.”

“आणि उरत असे का?”

“क्वचित.”

उपासाने खंगलेल्या माणसाला माठराने औषध म्हणून उपास दिला होता, आणि सगळ्या शाळेने त्याला मान डोलावली होती. माठराने आचार्यांच्या पायांवर डोके ठेवले. तो रडत रडत म्हणाला, “आपण सांगितले का नाही?”

“सांगितले असते तर तुम्ही जेवला नसता,” आचार्य म्हणाले. “आणि विचारले असतेस, तर मी खोटे बोललो नसतो.”

मग चूल पेटली. तांदळाची पातळ पेज झाली. एकदम पोटभर दिले तर जीवच जाईल, हे ठाऊक असल्याने माठराने ती चमच्या-चमच्याने, दिवसभर थांबत थांबत भरवली. आचार्य वाचले. पण उपासात गेलेली त्यांच्या बोटांची जाणीव परत आली नाही. ज्या बोटांना नाडीतला केसाएवढा फरक कळे, त्यांना आता ऊन-थंडही कळेना.

राजाच्या कानावर हे गेले तेव्हा त्याला आपल्या करणीची लाज वाटली. तो स्वतः आला, त्याने आचार्यांपुढे मस्तक नमवले आणि धान्य पुन्हा सुरू केले. मग माठराकडे वळून म्हणाला की, रोग तू ओळखलास, चल, राजवैद्य हो.

माठर म्हणाला, “महाराज, माझ्या औषधाने ते मरत होते. वाचले ते या सर्व शिष्यांच्या प्रश्नांनी. मला अजून इथे पुष्कळ बसायचे आहे.”

आणि तो तिथेच राहिला. रोग्याच्या मनगटावर तो बोटे ठेवी आणि बोटांना काय लागते ते आचार्यांना सांगे. आचार्य विचारत, आणखी काय लागते? माठर पुन्हा बोटे ठेवी. उत्तर तोंडाशी आलेले असले तरी तो शेजाऱ्याचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबे.

शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वांनी, ही पूर्वजन्मीची हकिकत विहारात सांगितली ती उत्तिय नावाच्या भिक्षूच्या निमित्ताने. धर्मचर्चेत तो इतरांचे बोलणे तोडून आधी उत्तर देई, आणि त्यामुळे नवे भिक्षू विचारायचेच थांबले होते. कथा संपवून शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, त्या जन्मीचा माठर तो हा उत्तिय. राजा सुवाहन म्हणजे विहाराला दान देऊन त्याचे फळ मोजीत बसणारा तो धनिक श्रेष्ठी. श्रोणक आणि गोलात बसणारे ते शिष्य म्हणजे तुम्ही. आणि आचार्य भद्रसेन मीच होतो. आपला घास देणे ही दानपारमिता, दानाची परिपूर्णता, खरी. पण त्या दिवशी मला मरणातून परत आणले ते प्रज्ञेने, आणि ती प्रज्ञा त्या गोलात कोणा एकट्याची नव्हती.”