पाला कडू लागला

“पाला कडू लागला होता, बाबा. मग विष कुठून आलं?”

पुंजारामनं पुन्हा तेच विचारलं. कृपागीर बाबा धुनीपाशी बसून होते.

मठ माळावरचा. आसपासच्या गावांत कुणाला साप चावला की माणसं त्याला उचलून इथंच आणत. रीत बाबांनीच घालून दिलेली. चावलेल्याला कडुलिंबाचा पाला चघळायला द्यायचा. कडू लागला तर विष चढलेलं नाही, खुशाल घरी जा. चव कळलीच नाही तर दवाखान्याकडं पळा.

बाबा थकले तसा पाला पुंजाराम देऊ लागला. लोक त्याला छोटे महाराज म्हणत. म्हणत कसले, त्यानंच म्हणवून घेतलं होतं.

परवा सुखदेवला आणलं. पायावर दातांच्या खुणा. पाला चघळून तो म्हणाला, कडू. झालं! दवाखान्यात न्यायला दारात आणलेली जीप पुंजारामनं माघारी धाडली. सुखदेव घरी गेला, बायकोच्या हातचा चहा प्याला, आडवा झाला… आणि उठलाच नाही.

आता गाव म्हणत होतं, साप कसला, बायकोनंच चहात काहीतरी कालवलं. सासऱ्यानं तिचं तान्हं लेकरू काढून घेतलं आणि तिला दाराबाहेर केलं. आज चावडीवर पंच बसणार होते. पुंजाराम सांगेल ते खरं, असं ठरलं होतं.

ती कौसा मठाच्या पायरीवर बसली होती. रडून रडून आवाज बसला होता. पदर दुधानं भिजला होता. बघवत नव्हतं तिच्याकडं.

“काय सांगणार तू पंचांना?” बाबांनी विचारलं.

“मला ठाऊक आहे ते. सापाचं विष नव्हतं.”

“आणि चहात होतं?”

“ते… लोकांच्या मनात आलंय तसं.”

“बरं. आणि पाला कडू लागला म्हणजे विष नाही, हे?”

“हे आपण मानतोच की.” पुंजाराम अडखळला. “मानतो म्हणजे… खरंच आहे ते. तुम्हीच शिकवलंत.”

“हं… आणि कडू लागला, हे?”

“हे तर पक्कं ठाऊक आहे!”

“तुझ्या जिभेला लागला?”

“माझ्या कशाला? त्याच्या.”

“त्याची जीभ तुझ्या तोंडात होती का रे?”

पुंजारामच्या कपाळावर आठी चढली. “चेष्टा नको, बाबा. भर लोकांत म्हणाला तो.”

“कोण कोण होतं?”

“सगळेच. त्याची आई ऊर बडवत होती. हिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ‘कडू लागतंय ना हो? सांगा ना, लागतंय ना?’ असा घोशाच लावला होता हिनं…”

तो थांबला.

“मग?”

“मग त्यानं हिच्या तोंडाकडं पाहिलं…” पुंजारामचा आवाज खाली आला. “आणि म्हणाला, कडू.”

पायरीवर कौसा हुंदका गिळत होती.

“पाला आण,” बाबा म्हणाले.

पुंजारामनं आणला. बाबांनी मूठभर पाला तोंडात घातला आणि सावकाश चघळला.

मोठ्या तापात बाबांची चव गेली, त्याला कैक वर्षं झाली होती. कालवणात मीठ पडलं काय, न पडलं काय, ते मुकाट जेवत. रोज वाढणाऱ्या पुंजारामइतकं हे दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

“कडू,” बाबा म्हणाले.

“पण बाबा, तुम्हाला तर…”

“कडू म्हणालो. ऐकलंस ना?”

पुंजारामनं हातातला उरलेला पाला खाली टाकला.

धुनीतलं लाकूड तडतडलं.

“मग तो सापानंच गेला का, बाबा?”

“मी पाहिलं नाही.”

“का हिनंच…?”

“तेही पाहिलं नाही.”

“मग मला ठाऊक आहे तरी काय?” तो जवळजवळ ओरडलाच.

“तो कडू म्हणाला, हे. आणि जीप दारात उभी होती, हे.”

पुंजारामनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे गदगदत होते. छोटे महाराज कुठल्या कुठं गेले, राहिलं ते घाबरलेलं माणूस.

कौसा उठून दाराशी आली.

“बाबा… मीच मागं लागले हो त्यांच्या. माझं मन राखायला म्हणाले असतील का ते?”

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग काठी घेऊन ते उठले.

“चल माय. तुझं लेकरू भुकेलं असेल. चावडीवर मीच सांगतो.”

पुंजाराम धडपडत मागं आला.

“काय सांगणार, बाबा? रीतच खोटी म्हणून? अहो, मठाची अब्रू जाईल! इतकी वर्षं या पाल्यावर माणसं वाचली… मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीत!”

बाबा पायरी उतरत होते. मागं वळले नाहीत.

“वाचली ती नारळ घेऊन आली, लेका… बाकीची कशी येतील?”